कार्व्हर ह्यांस कॉलेज कसे मिळाले

अमेरिकेतील शेतकीशास्त्री जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर ह्यांचे भुईमुगावरील प्रयोग आमच्या पुष्कळ वाचकांच्या कानी असतील. परंतु ते कॉलेजात कसे पोहोचले हे थोड्यांसच ठाऊक आहे. ज्या घरी हायस्कूल संपवलेले लेकरू पुढे काय करावे ह्या विवंचनेत बसले आहे, त्या घरासाठी ती हकीकत आम्ही येथे देतो.

मिसुरी प्रांतात इ. स. १८६४ च्या सुमारास त्यांचा जन्म गुलामगिरीत झाला. तान्हेपणीच लुटारूंनी मायलेकरांस पळवून नेले. मूल परत मिळाले, आई कधीच सापडली नाही. पुढे शाळेसाठी लहानगा जॉर्ज निओशो गावी गेला. तेथे मराया वॉटकिन्स नावाच्या सुइणीने त्यास घरात घेतले, धुणे शिकवले व एक बायबल दिले.

कॅन्ससमध्ये हायस्कूल झाल्यावर त्याने हायलंड येथील कॉलेजास अर्ज केला. टपालाने मंजुरी आली. परंतु तो स्वतः दारी येताच वर्ण पाहून त्यास परत लावण्यात आले. हे कॉलेज मिशनरी लोकांनी स्थापिलेले होते, हेही सांगणे भाग आहे. मग कित्येक वर्षे गेली. अखेर आयोवा प्रांतात प्रार्थनामंदिरात भेटलेल्या एका गोऱ्या दांपत्याने त्यास धीर दिला, आणि १८९० साली तो मेथडिस्टांच्या सिम्पसन कॉलेजात दाखल झाला. इतरांचे कपडे धुऊन तो पोट भरी व चित्रकला शिके.

चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड ह्यांनी शिष्याचे झाडांवरील प्रेम पाहिले. चित्रांवर काळ्या माणसाचा निर्वाह होणे कठीण, हेही त्यांनी जाणले. त्यांचे वडील एम्स येथील सरकारी शेतकी कॉलेजात फळबागांचे प्राध्यापक होते; तेथे जाण्याचा सल्ला त्यांनी दिला. आमच्या गावांत हे काम बहुधा उपदेशकाकडेच येते. कोणते सरकारी कॉलेज, फी किती, वसतिगृह आहे की नाही, हे त्याने आधीच विचारून ठेवलेले बरे.

एम्सच्या कॉलेजास १८६२ च्या कायद्याचा आधार होता. लोहाराचे पुत्र जस्टिन मॉरिल ह्यांची शाळा पैशाअभावी पंधराव्या वर्षी सुटली होती. त्यांनीच तो कायदा खटपटीने मंजूर करवला व अध्यक्ष लिंकन ह्यांनी त्यावर सही केली. काँग्रेसमधील दर सभासदामागे प्रांतास ३०,००० एकर जमीन मिळे, आणि तिच्या विक्रीच्या पैशावरील व्याजातून कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी कॉलेज चाले. ही जमीन मूळ रहिवाशांपासून घेतलेली होती, हे विसरू नये.

१८९१ साली कार्व्हर तेथे गेले. दार उघडले, तरी पंक्तीत आरंभी जागा नव्हती. शेतावरील मजुरांसह तळघरात जेवावे लागे. ह्याचा अर्थ आमच्या वाचकांस सांगावयास नको. १८९४ साली त्यांस पदवी मिळाली, १८९६ साली त्यावरची. त्याच वर्षी ते टस्कीगी येथील काळ्या लोकांच्या शाळेत गेले, आणि कापसाने निकस झालेल्या जमिनीत भुईमूग व रताळी लावण्यास गरीब शेतकऱ्यांस शिकवू लागले. तेथे ते रविवारी विद्यार्थ्यांचा बायबलवर्गही चालवीत. १९४३ साली टस्कीगी येथेच त्यांचा अंत झाला.