एका लाल वनस्पतीसाठी पठ्ठ्यानं अख्ख्या खडकावर पहारा बसवला होता

माल्टा देशातल्या गोझो बेटाला लागून समुद्रात एक उभा खडक आहे. उंची साधारण ६० मीटर. वर ना किल्ला, ना खजिना. तरी एकेकाळी तिथं चोरून चढणाऱ्याला शिक्षा काय, तर गलबतावर वल्ही मारत बसायचं.

कशासाठी? तर खडकावर उगवणाऱ्या एका लालभडक वनस्पतीसाठी.

हा पहारा कडक करणारा माणूस म्हणजे मॅन्युएल पिंटो द फॉन्सेका.

पिंटोचा जन्म १६८१ चा, पोर्तुगालमधल्या लामेगोचा. खानदानी घरातला हा पोरगा संत जॉनच्या नाइट्सच्या पंथात गेला. जेरुसलेममध्ये आजारी यात्रेकरूंची सेवा करायला सुरू झालेला हा पंथ पुढं लढवय्या झाला आणि १५३० पासून माल्टावर राज्य करू लागला. पण दवाखाना काही सुटला नाही. राजधानी व्हॅलेटामध्ये त्यांचं भलंमोठं रुग्णालय होतं.

१७४१ मध्ये, साठीला टेकलेला असताना पिंटो पंथाचा प्रमुख, म्हणजे ग्रँड मास्टर झाला. गड्याचा थाट मात्र राजाचा. स्वतःच्या चिन्हावर त्यानं राजासारखा मुकुट लावून घेतला.

१७४६ मध्ये त्यानं त्या खडकावर जायला बंदी घातली. कडे तासून गुळगुळीत केले, म्हणजे कुणी चढूच नये. जायची वाट एकच, किनाऱ्यावरून दोरावर सरकणारी टोपली. तोडलेली वनस्पती युरोपातल्या राजेरजवाड्यांना भेट म्हणून जायची.

आता एवढं काय होतं त्यात?

लोक तिला आळंबी समजायचे. नावच पडलं होतं माल्टाची बुरशी. रंग रक्तासारखा, म्हणून रक्तस्राव थांबवणार, असा तेव्हाचा हिशोब. रंगरूपावरून औषध ठरवायची ती रीतच होती. पुढं वैद्यकशास्त्रानं ती मोडीत काढली.

खरं तर ही बुरशी नाहीच. सायनोमोरियम नावाची ही फुलं येणारी परजीवी वनस्पती आहे. आपली अमरवेल झाडाच्या फांद्या धरते, ही मुळं धरते. खाऱ्या जमिनीतल्या झुडपांच्या मुळांतून रस ओढायचा आणि फुलायच्या वेळी तेवढा दांडा जमिनीबाहेर काढायचा. हिरवं पान एकही नाही.

गंमत म्हणजे अरबस्तानच्या वाळवंटात हीच वनस्पती तरथूथ म्हणून ओळखतात. तिथले बदाऊन लोक कोवळे दांडे सोलून सरळ खातात. माल्टात जिच्यासाठी माणूस वल्ह्याला जुंपला जायचा, ती तिथं भुकेला आधार होती.

पिंटोनं तब्बल ३२ वर्षं राज्य केलं. १७६८ मध्ये जेझुइट पाद्र्यांना हाकललं आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या कॉलेजचं विद्यापीठ केलं. ते आजही चालू आहे. पण राजेशाही थाटाला पैसा लागतो. १७७३ मध्ये, ९१ व्या वर्षी तो गेला, तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. त्यानंतर २५ वर्षांत नेपोलियननं माल्टा घेतलं आणि नाइट्सचं राज्य संपलं.

खडकावर जायला मात्र आजही बंदी आहे. १९९२ पासून तो राखीव निसर्गक्षेत्र आहे. फरक एवढाच, की आताचा पहारा औषधासाठी नाही, त्या वनस्पतीला तिथं सुखानं उगवू देण्यासाठी आहे.