न भरणाऱ्या इसबामागचा कर्करोग ओळखणारे सर जेम्स पॅजेट

नवी दिल्ली, ११ जानेवारी : स्तनाग्रावर बरे न होणारे इसब दिसले की आज तज्ज्ञ डॉक्टर बायोप्सी करवून घेतात. तिच्या अहवालात अनेकदा एका इंग्रज शल्यविशारदाचे नाव उमटते. ते नाव आहे सर जेम्स पॅजेट यांचे. त्यांचा जन्म ११ जानेवारी १८१४ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील ग्रेट यार्मथ या बंदरात झाला.

वडील मद्यनिर्मितीच्या आणि जहाजांच्या व्यवसायात होते. सतरा अपत्यांच्या या कुटुंबाची सुबत्ता जेम्सच्या बालपणीच ओसरू लागली आणि पुढे वडिलांचे कर्ज फेडण्यात मुलांची कैक वर्षे गेली. विद्यापीठीय शिक्षण परवडण्याजोगे नव्हते. त्यामुळे सोळाव्या वर्षी जेम्स गावातल्याच एका वैद्याकडे उमेदवारीस राहिला. फावल्या वेळात तो वनस्पती गोळा करी, त्यांची नोंद ठेवी. भावासमवेत त्याने यार्मथ परिसराच्या निसर्गेतिहासाचे पुस्तकही १८३४ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी तो लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात विद्यार्थी म्हणून दाखल झाला.

पहिल्याच वर्षी, फेब्रुवारी १८३५ मध्ये, शवविच्छेदनाच्या दालनात त्याला एका मृतदेहाच्या स्नायूंत बारीक पांढरे कण दिसले. असे कण इतरांनीही पाहिले होते. त्यांच्यामुळे सुऱ्यांची धार बोथट होते, यापलीकडे कोणी विचार केला नव्हता. रुग्णालयात योग्य सूक्ष्मदर्शक नव्हता, म्हणून पॅजेट ब्रिटिश म्युझियममध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांच्याकडे गेले. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या कणांत वेटोळे घातलेला कृमी दिसला. नामकरणाचा आणि प्रसिद्धीचा मान मात्र रिचर्ड ओवेन यांना मिळाला. विद्यार्थ्याच्या वाट्याला येते तेवढेच श्रेय पॅजेट यांना लाभले.

पुढची वर्षे ओढाताणीची होती. वैद्यकीय नियतकालिकांसाठी लेखन करून ते गुजराण करीत. लिडिया नॉर्थ यांच्याशी ठरलेला विवाह पैशांअभावी सुमारे आठ वर्षे लांबला. मात्र रुग्णालयाच्या संग्रहालयाचे काम आणि रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या हंटेरियन संग्रहातील विकृत अवयवांची वर्णनात्मक सूची, या वरकरणी रुक्ष कामांतच त्यांची नजर घडली. शेकडो नमुने हाताळून त्यांतील साम्य आणि भेद शब्दांत मांडायचे, हाच विकृतिशास्त्रीय वर्गीकरणाचा पाया होय. शल्यविकृतिशास्त्रावरील त्यांची व्याख्याने १८५३ मध्ये ग्रंथरूपाने आली. तोवर ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले होते. पुढे राणी व्हिक्टोरियाच्या शल्यविशारदांत त्यांची नेमणूक झाली.

१८७१ मध्ये शवपरीक्षेच्या वेळी झालेल्या संसर्गाने ते मृत्यूच्या दारातून परतले. त्याच वर्षी त्यांनी रुग्णालयातील पद सोडले आणि त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेलेला लघुलेख त्यानंतर, १८७४ मध्ये, सेंट बार्थोलोम्यूच्या अहवालग्रंथात प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे पंधरा स्त्रियांची हकीकत होती. बहुतेक चाळिशी ते साठीच्या होत्या. स्तनाग्र आणि भोवतालच्या वर्तुळाची त्वचा लालभडक, सोललेली, चिकट पिवळसर स्राव पाझरणारी होती. इसब समजून केलेल्या कोणत्याही उपचाराला ती दाद देत नव्हती. दोन वर्षांच्या आत, बहुधा वर्षभरातच, त्याच स्तनात कर्करोगाची गाठ उद्भवली. त्वचा आणि गाठ यांच्या मध्ये निरोगी दिसणारा भाग असे, हेही त्यांनी नोंदवून ठेवले.

त्यांचे स्पष्टीकरण मात्र टिकले नाही. आधी त्वचेचा विकार होतो आणि त्याच्या दाहातून आतल्या ग्रंथीत कर्करोग उपजतो, असे त्यांना वाटे. १९०४ मध्ये जेकोबियस यांनी हा क्रम उलटा मांडला. त्यांच्या मते कर्कपेशी स्तनातील दुग्धवाहिन्यांमध्ये आधीच असतात आणि तेथून स्तनाग्राच्या त्वचेत शिरतात. आज बहुतांश रुग्णांच्या बाबतीत हेच मत ग्राह्य धरले जाते. त्वचेच्या थरात विखुरलेल्या या मोठ्या, फिकट पेशींना पॅजेट पेशी म्हणतात. त्वचेचे अन्य कर्करोगही सूक्ष्मदर्शकाखाली तसेच दिसू शकतात, म्हणून पेशींतील विशिष्ट प्रथिने रंगवून खात्री केली जाते. या रुग्णांपैकी बहुतेकांच्या स्तनात खोलवर वाहिनीपुरता मर्यादित किंवा पसरणारा कर्करोग आढळतो. हा प्रकार स्तनाच्या एकूण कर्करोगांत विरळा आहे. मलमाच्या प्रयोगांत महिने निघून जातात, तेही याच कारणाने.

मुलगा स्टीफन हाही शल्यविशारद झाला. स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून, हा रोग ठरावीक अवयवांतच का पसरतो, याचा विचार त्याने १८८९ मध्ये मांडला.

जेम्स पॅजेट यांनी १८७७ मध्ये हाडे वाकवणाऱ्या एका विकाराचेही वर्णन केले आणि त्यालाही त्यांचेच नाव मिळाले. परिणामी स्तनाचा की हाडांचा, हे आजही अहवालात वेगळे लिहावे लागते. ३० डिसेंबर १८९९ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.