होमी भाभांचा 'तो' कॉम्प्युटर, जो अनेक संस्थांनी वाटून वापरला

होमी भाभा म्हटलं की डोळ्यांसमोर अणुभट्टी येते. पण आज वेबसाईट चालवणाऱ्या कंपन्या एकाच सर्व्हरवर अनेक ग्राहक बसवतात, त्यामागचा हिशोब साठ वर्षांपूर्वी भाभांच्या कुलाब्यातल्या संस्थेत मांडला गेला होता. हा हिशोब नेमका काय होता?

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतल्या एका सुखवस्तू पारशी घरात भाभांचा जन्म झाला. त्यांच्या आत्याचे यजमान म्हणजे सर दोराबजी टाटा. पोराने इंजिनिअर व्हावं आणि टाटांच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावं, असं घरच्यांच्या मनात होतं. १९२७ मध्ये भाभा केंब्रिजला गेले. ठरल्याप्रमाणे इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पूर्ण केलं आणि मग आपल्या आवडीच्या भौतिकशास्त्राकडे वळले.

१९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले आणि दुसरं महायुद्ध पेटलं. परतीचा रस्ता बंद झाला. सी. व्ही. रामन यांच्या बंगळुरूच्या संस्थेत त्यांनी काम सुरू केलं. १९४४ मध्ये त्यांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था उभारण्याचा प्रस्ताव दिला आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजेच टीआयएफआर सुरू झाली.

संशोधन वाढलं तशी आकडेमोडही वाढली. हातगणकयंत्रावर ती किती दिवस करणार? बाहेरून कॉम्प्युटर आणायचा तर परकीय चलन हवं, आणि त्याचीच तेव्हा देशात टंचाई होती. मग तो इथेच बनवायचं ठरलं. आर. नरसिंहन यांच्यासह तरुण मंडळी कामाला लागली. यातल्या जवळपास कुणीच आधी कॉम्प्युटर बनवलेला नव्हता. १९५६ मध्ये छोटं प्रायोगिक यंत्र चालू झालं आणि १९६० च्या सुमारास पूर्ण आकाराचं यंत्र कामाला लागलं. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. पुढे पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं, टिफरॅक.

पण हे यंत्र तयार होईपर्यंत जग ट्रान्झिस्टरवर गेलं होतं. यंत्र बनवायला शिकणं एक आणि वेगाने बदलणाऱ्या जगाच्या बरोबरीने धावणं वेगळं. म्हणून १९६४ मध्ये टीआयएफआरमध्ये अमेरिकेचा सीडीसी ३६०० आला. त्या वेळी देशात एवढा ताकदवान कॉम्प्युटर दुसरा नव्हता.

खरी गोष्ट इथून सुरू होते. एवढं महाग यंत्र एकाच संस्थेच्या कामापुरतं ठेवलं, तर उरलेल्या वेळात ते रिकामंच बसणार. दुसरीकडे प्रत्येक विद्यापीठाला आणि प्रयोगशाळेला स्वतःचं यंत्र घेणं परवडणार नव्हतं. मग हे यंत्र बाहेरच्या संस्थांनाही खुलं झालं. प्रोग्राम आणि आकडे भोकं पाडलेल्या कार्डांवर उतरवायचे, गठ्ठा द्यायचा, नंबर लागला की छापील उत्तर घ्यायचं. देशातल्या पहिल्या पिढीतले कितीतरी प्रोग्रामर या यंत्रावर तयार झाले.

या पद्धतीत एक अडचण होती. कामं रांगेने व्हायची, त्यामुळे प्रत्येकाला ताटकळत बसावं लागायचं. एकाच वेळी अनेकांना आपापलं स्वतंत्र यंत्र मिळाल्यासारखं वाटेल, अशी सोय हवी होती. अमेरिकेत आयबीएमच्या इंजिनिअर्सनी साठच्या दशकात तसे प्रयोग केले आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आणली. यालाच म्हणतात व्हर्च्युअलायझेशन.

सोप्या भाषेत सांगायचं तर हा मोठा वाडा भिंती घालून बिऱ्हाडांना देण्याचा प्रकार. हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर एका सर्व्हरचा प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क वाटून देतं. प्रत्येक वाटेकऱ्याची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी असते. एकाची सिस्टीम कोलमडली तरी शेजाऱ्याची चालू राहते.

होस्टिंग कंपन्यांपुढेही भाभांच्या संस्थेसारखाच प्रश्न होता. प्रत्येक ग्राहकाला वेगळी मशीन दिली तर ती बराच वेळ रिकामी असते, पण वीज आणि एसीचा खर्च थांबत नाही. २००१ नंतर साध्या सर्व्हरवरही हे तंत्र आलं आणि व्हीपीएस स्वस्त झाले. त्यामुळे आज मुळशीतल्या उरवड्यासारख्या गावातून कुणी आपल्या रोपवाटिकेची वेबसाईट काढायची म्हटलं, तर त्याला अख्खा सर्व्हर घ्यावा लागत नाही.

अर्थात वाडाच कोसळला तर सगळी बिऱ्हाडं रस्त्यावर येतात. म्हणून चांगल्या कंपन्या बॅकअप दुसरीकडे ठेवतात आणि गरज पडली तर ग्राहकाचं बिऱ्हाड दुसऱ्या सर्व्हरवर हलवतात. होस्टिंग घेताना दरासोबत हेही विचारून घ्यायला हवं.

भाभांना हा पुढचा टप्पा पाहता आला नाही. १९६३ मध्ये सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली होती. तिचा अहवाल बाहेर येण्याआधीच, २४ जानेवारी १९६६ रोजी, एअर इंडियाचं विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. वय होतं अवघं ५६. त्या अहवालात देशाच्या कॉम्प्युटर उद्योगाचाही विचार केलेला होता.