बी. व्ही. राव

बंडा वासुदेव राव (१९३५ - १९९६), डॉ. बी. व्ही. राव या नावाने प्रसिद्ध, हे भारतीय उद्योजक आणि कुक्कुटपालन क्षेत्रातील संघटक होते. पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीज या उद्योगसमूहाचे ते संस्थापक. अंड्यांचा भाव ठरविण्याचा अधिकार व्यापाऱ्यांकडून उत्पादकांकडे आणण्यासाठी १९८२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटीमागील (एनईसीसी) प्रमुख प्रेरणा त्यांची होती. त्यांना भारतातील आधुनिक कुक्कुटपालनाचे जनक म्हटले जाते.

उद्योगाची उभारणी

राव यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना केली आणि पुढे पुणे हे समूहाचे मुख्य केंद्र झाले. त्या काळी देशात कोंबड्या पाळणे हा बहुतांशी परसातला जोडधंदा होता. गावरान कोंबडी वर्षाला साधारण साठ-सत्तर अंडी देई. सुधारित जातींची पैदास परदेशी कंपन्यांच्या हाती असल्याने मूळ पक्षी बाहेरून आणावे लागत. राव यांनी अमेरिकेतील बॅबकॉक कंपनीच्या सहकार्याने पांढऱ्या लेगहॉर्न वंशाची अंड्यावरची कोंबडी भारतात आणली व तिची निवड-पैदास येथील हवामानात आणि येथील खाद्यावर सुरू केली. यातून तयार झालेली बी. व्ही. ३०० ही जात पुढे देशातील व्यापारी अंडी-उत्पादनात सर्वाधिक वापरली जाऊ लागली. तिची एक कोंबडी अंड्यावर असण्याच्या काळात तीनशेहून अधिक अंडी देते.

समूहाने पिल्ले, खाद्य, औषधे, लसी आणि प्रक्रिया केलेले अन्न अशा अनेक शाखा काढल्या. विशिष्ट रोगजंतूंपासून मुक्त अंड्यांचे उत्पादन हे त्यांतील महत्त्वाचे पाऊल होते. कोंबड्यांच्या अनेक लसी अंड्यातील गर्भावर वाढविल्या जातात. ते अंडेच दूषित असेल तर लसीबरोबर रोगही पसरण्याचा धोका असतो.

अंड्यांचा भाव

ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी हा धंदा मोठ्या संकटात सापडला. उत्पादन वाढले होते, पण भाव मुंबई, दिल्ली, कोलकाता येथील घाऊक व्यापारी ठरवीत. अंडे नाशवंत, आणि कोंबडी रोज अंडे देते व रोज खाते. त्यामुळे भाव चढेपर्यंत थांबणे शेतकऱ्याला शक्य नसे. महाराष्ट्रात श्रावणात मागणी घसरे. शीतगृहाची सोय असलेला व्यापारी स्वस्तात घेतलेला माल साठवून हिवाळ्यात विकी. उत्पादन खर्चापेक्षा कमी भावाने विकावे लागल्याने अनेकांनी शेड रिकाम्या केल्या.

राव यांचा स्वतःचा व्यवसाय पिल्ले विकण्याचा होता. शेतकरी बुडाला तर हॅचरीही बुडणार, हे त्यांना उघड दिसत होते. त्यांच्या संघटनकार्यात हितसंबंध आणि तळमळ दोन्ही होती. काही उत्पादकांसह त्यांनी राज्याराज्यांत फिरून बैठका घेतल्या. आपल्या अंड्याची किंमत आपणच ठरवावी, हा त्यांचा सांगावा होता. मे १९८२ मध्ये एनईसीसी स्थापन झाली. ती प्रत्येक विभागासाठी रोजचा दर जाहीर करू लागली. हा दर सुचविलेला असतो, बंधनकारक नसतो. मात्र मुंबईचा दर जाहीर झाला की वसई, पालघर, बोईसरपर्यंतच्या बाजारात त्याचा परिणाम दिसतो. माल तुंबला की खरेदी करून भाव सावरण्यासाठी ॲग्रोकॉर्पेक्स ही कंपनीही काढण्यात आली. दूरदर्शनवरील एनईसीसीच्या जाहिरातींनी अंडे हे रोजचे अन्न म्हणून घरोघरी पोहोचविले. फलित न झालेल्या अंड्याला शाकाहारी म्हणण्याच्या प्रचारावर मात्र शाकाहारी वर्तुळातून तीव्र आक्षेप घेतला गेला. उत्पादकांनी एकत्र येऊन दर ठरविणे ग्राहकाच्या हिताचे आहे का, हा वादही कायम राहिला.

खाद्य आणि अंड्यांची प्रत

तीनशे अंडी देणाऱ्या कोंबडीमुळे खाद्याचा प्रश्न नव्याने उभा राहिला. अंड्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा मका आणि सोयापेंड यांचा असतो. कवचासाठी चुनखडी किंवा शिंपल्यांचा भरडा लागतो. बलकातील मेद यकृतात तयार होत असल्याने सतत अंडी देणाऱ्या कोंबडीच्या यकृतावर ताण येतो व त्यात चरबी साठू शकते. उन्हाळ्यात कोंबडी धापा टाकते, रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि कवच पातळ होते. हवेत दमटपणा असल्यास धापा टाकूनही शरीर नीट थंड होत नाही. पालघर-डहाणूच्या किनारी पट्ट्यातील शेडमध्ये ही अडचण विशेष जाणवते.

यावर उपाय म्हणून भारतीय पोल्ट्रीत वनौषधींची खाद्यपूरके रूढ झाली: यकृतासाठी भुईआवळा, उष्णतेच्या ताणावर आवळा, तुळस व अश्वगंधा, आणि बलकाच्या रंगासाठी झेंडूच्या फुलांचा अर्क. यांपैकी झेंडूचा परिणाम सर्वांत निश्चित आहे, कारण त्यातील रंगद्रव्य थेट बलकात उतरते. इतर वनस्पतींच्या बाबतीत परिणाम मात्रा, अर्काची शुद्धता आणि मूळ खाद्याचा समतोल यांवर अवलंबून असतो. गडद बलक म्हणजे अधिक पौष्टिक अंडे, हा ग्राहकांतील समज मात्र बरोबर नाही.

पिंजरा पद्धत व अतिउत्पादनक्षम जातींवर प्राणिकल्याणाच्या दृष्टीने टीका होते. राव यांनी रुजविलेल्या पद्धतीही तिला अपवाद नाहीत.

सन्मान व निधन

भारत सरकारने १९९० मध्ये राव यांना पद्मश्री देऊन गौरविले. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी नवी दिल्लीत विसावी जागतिक कुक्कुट परिषद भरली. त्यांच्यानंतर समूहाची धुरा कन्या अनुराधा देसाई यांनी सांभाळली. २०१० मध्ये समूहाने इंग्लंडमधील ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल संघ विकत घेतल्याने वेंकीज हे नाव वेगळ्याच कारणाने जगभर पोहोचले. पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन येथील कुक्कुट व्यवस्थापन व तंत्रज्ञान संस्थेला राव यांचे नाव देण्यात आले आहे.