डॉक्टरांची गाडी आणि चाकांचे वळण

मुकुंदवाडीहून जालना रोडवर वळणाऱ्या मोटारीची पुढची चाके नीट पाहावीत. दोन्ही सारखी वळत नाहीत. आतल्या चाकाला लहान वर्तुळात फिरायचे असते, म्हणून ते जास्त वळते; बाहेरचे थोडे कमी. तसे झाले नाही तर टायर रस्त्यावर घासत जातो. या रचनेची कल्पना फार पूर्वी एका डॉक्टरांना सुचली होती. त्यांचे नाव इरॅस्मस डार्विन. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या चार्ल्स डार्विन यांचे ते आजोबा.

त्यांचा जन्म १७३१ मध्ये इंग्लंडमधील एल्स्टन गावी झाला. केंब्रिज व एडिंबरा येथे शिकून १७५६ मध्ये त्यांनी लिचफील्डला दवाखाना थाटला. रुग्ण खेडोपाडी विखुरलेले. त्यांना तपासण्यासाठी डॉक्टरांचा वर्षाला सुमारे दहा हजार मैल प्रवास होई, तोही खाचखळग्यांच्या रस्त्यांवरून.

त्या काळच्या घोडागाडीत पुढचा अख्खा आस मधल्या खिळ्याभोवती फिरत असे. जोरात वळले की गाडीचा आधार अरुंद होई आणि ती कलंडे. डार्विन यांनी आस जागच्या जागी ठेवला आणि दोन्ही चाके आपापल्या खिळ्यावर वळतील अशी योजना केली. वळतानाही आधार रुंदच राहिला. अशा गाडीतून ते स्वतः हजारो मैल फिरले.

वैद्यकीच्या लौकिकाला बाधा येईल म्हणून त्यांनी आपल्या शोधांची पेटंटे घेतली नाहीत. पुढे १८१८ मध्ये जर्मन कारागीर लँकेन्सपर्गर यांच्या अशाच रचनेचे पेटंट अ‍ॅकरमन यांनी लंडनमध्ये घेतले. आज ती अ‍ॅकरमन यांच्याच नावाने ओळखली जाते.

प्रयोगांची किंमतही डार्विन यांनी मोजली. १७६८ मध्ये स्वतःच आखलेल्या दुसऱ्या एका गाडीतून ते पडले. गुडघ्याची वाटी मोडली आणि चालण्यात कायमचा लंगडेपणा आला. तरी रुग्णांकडे जाणे त्यांनी सोडले नाही. १८०२ मध्ये त्यांचे निधन झाले.

गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढत असेल, स्टिअरिंग वाकडे धरावे लागत असेल किंवा टायर एकाच कडेने झिजत असेल, तर ती दुखण्याची लक्षणे समजावीत. आधी हवेचा दाब पाहावा, मग व्हील अलाइनमेंट तपासून घ्यावे. चाकांचा कोन जरासा बिघडला तरी वेगात गाडी हाताबाहेर जाऊ शकते. मोडलेले हाड जोडण्यापेक्षा चाक सरळ करणे केव्हाही सोपे.