परदेशातील विद्यार्थी भीमराव

डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचे नाव घेताच कोणाला घटनेचा मसुदा आठवतो, कोणाला महाडचे चवदार तळे, तर कोणाला नागपूरची दीक्षाभूमी. आम्हांला मात्र लंडनच्या एका भाड्याच्या खोलीत रात्री दहा वाजता पत्र्याच्या तुकड्यावर पापड भाजणारा तिशीतील एक विद्यार्थी आधी आठवतो. त्याच्या पदव्यांची यादी सर्वांना पाठ असते. पण त्या पदव्या मिळविताना तो काय खात होता, कोठे झोपत होता आणि पैशाची तोंडमिळवणी कशी करीत होता, हे फारसे कोणी विचारीत नाही. म्हणून ह्या लेखात त्यांच्या चरित्रातील तेवढाच भाग सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

भीमरावांचा जन्म इंदूरजवळच्या महू येथील लष्करी छावणीत 14 एप्रिल 1891 रोजी झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. सातारा जिल्ह्यातील शाळेत भीमरावांना इतर मुलांपासून दूर, कोपऱ्यात बसावे लागे. बसण्याचे गोणपाट घरून आणावयाचे व शाळा सुटल्यावर परत न्यावयाचे, कारण झाडलोट करणारा गडी त्याला हात लावीत नसे. तहान लागली तरी नळ सोडावयास शिपाई हजर नसेल तर पाणी मिळत नसे. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे मुंबईस एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकताना केळुसकर गुरुजींच्या खटपटीने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांच्याकडून त्यांना दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळू लागली आणि ते पदवीधर झाले. 1913 च्या फेब्रुवारीत वडील निवर्तले. त्याच वर्षी 4 जून रोजी त्यांनी बडोदे सरकारशी करार केला. सरकारने तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड द्यावयाचे आणि शिकून परत आल्यावर भीमरावांनी दहा वर्षे संस्थानची चाकरी करावयाची, असा तो करार होता.

1913 च्या जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल नावाच्या वसतिगृहात ते प्रथम उतरले. पण तेथील अर्धेकच्चे शिजविलेले अन्न, त्यातही गोमांस, त्यांच्या गळ्याखाली उतरेना. आठवडाभरातच त्यांनी ते वसतिगृह सोडले आणि हिंदी विद्यार्थ्यांची वस्ती असलेल्या एका क्लबात बिऱ्हाड केले. नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भाथेना ह्या पारशी विद्यार्थ्याच्या सोबतीने ते राहू लागले. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

अमेरिकेत त्यांना जे प्रथमच लाभले ते कोणत्याही अभ्यासक्रमात छापलेले नव्हते. तेथे मेजावर कोणाच्याही शेजारी बसता येई, पाण्याचा पेला स्वतःच्या हाताने भरून घेता येई, आणि कोणाच्या भुवया उंचावत नसत. परदेशातील वर्षांनी आपण अस्पृश्य आहो ही जाणीवच आपल्या मनातून पुसून टाकली, अशा अर्थाचे त्यांनी पुढे लिहिले आहे. ज्याने गोणपाट काखेत मारून शाळेची वाट तुडविली, त्याला हा बदल केवढा वाटला असेल ह्याची कल्पना आम्हांला सहजासहजी यावयाची नाही.

अभ्यासाची त्यांची भूक मात्र पोटाच्या भुकेहून मोठी होती. कोलंबियात त्यांनी घेतलेल्या विषयांची मोजदाद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे 29 अभ्यासक्रम, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3, आणि शिवाय प्राथमिक फ्रेंच व जर्मन प्रत्येकी 1. एखादा पेपर अवघड वाटला की तो विषय सोडता येईल काय, असे विचारण्यासाठी शिक्षकांच्या खोलीशी घोटाळणाऱ्या आमच्या काही विद्यार्थ्यांनी ही यादी एकवार पुन्हा वाचावी. अर्थशास्त्राचे सेलिग्मन आणि तत्त्वज्ञानाचे जॉन ड्युई हे त्यांचे गुरू. लाला लजपतराय त्या काळी न्यूयॉर्कमध्ये होते व हिंदी तरुणांना चळवळीकडे ओढीत होते. त्यांची व भीमरावांची गाठही पडली. परंतु ज्या कामासाठी दुसऱ्याच्या पैशाने आलो ते आधी पुरे करावे, असा भीमरावांचा निश्चय होता व तो ढळला नाही.

1915 मध्ये ते एम. ए. झाले. 9 मे 1916 रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर ह्यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस होते. जातीबाहेर विवाह होऊ न देणे हेच जातिसंस्थेचे मूळ होय, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. ज्या गोष्टीने आपले बालपण पोळले तिच्याकडे एखाद्या शास्त्रज्ञाच्या अलिप्तपणाने पाहणे किती कठीण! त्या निबंधात आक्रोश नाही, आहे ती केवळ छाननी. आमच्या मते कोलंबियाने त्यांना दिलेली खरी देणगी ती हीच.

ह्याच काळात जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे 2000 पुस्तके जमविली, असे चरित्रकार सांगतात. साडेअकरा पौंडांतून घरी पैसे पाठवावयाचे, जेवावयाचे आणि ग्रंथही घ्यावयाचे म्हणजे कोठेतरी कात्री लागणारच, आणि ती बहुतेक वेळा जेवणाला लागे.

1916 च्या जूनमध्ये ते लंडनला गेले. तेथील अर्थशास्त्राच्या शाळेत, म्हणजे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये, आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज् इनमध्ये त्यांनी नावे घातली. अभ्यासाने वेग घेतला तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालविण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळविली आणि 1917 मध्ये ते स्वदेशी निघाले. पहिले महायुद्ध चालू होते. ते स्वतः एका बोटीने आले. सामानसुमान ज्या दुसऱ्या बोटीवर होते ती पाणतीराने बुडाली. पोटाला चिमटा घेऊन जमविलेल्या ग्रंथांपैकी बरेचसे समुद्राच्या तळाशी गेले. नुकसानभरपाईदाखल 600 रुपये हाती आले आणि त्या पैशांवरच ते करारानुसार बडोद्याला चाकरीस गेले.

बडोद्यात जे घडले ते सांगताना लेखणी जड होते. कोलंबियाच्या ह्या एम. ए. ला त्या शहरात राहावयास जागा मिळेना. अखेर एका पारशी सराईत, पारशी नाव सांगून, रोज दीड रुपया देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशी लोकांचा जमाव जिना चढून आला व संध्याकाळच्या आत खोली खाली करण्याचा हुकूम सोडून गेला. दोन मित्रांकडे आसरा मागून पाहिला. एक हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही आपापली अडचण पुढे केली. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. तोवरचे चार-पाच तास त्यांनी सार्वजनिक बागेत बसून काढले. ज्या महाराजांनी त्यांना शिकविले त्यांच्याच राजधानीत हे झाले. महाराजांची इच्छा आणि गावाची रूढी ह्यांत केवढे अंतर असू शकते, ते येथे दिसते.

मुंबईस सिडनहॅम महाविद्यालयात 1918 च्या नोव्हेंबरात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार 450 रुपये. तेथेही पाण्याच्या भांड्यावरून काही सहकाऱ्यांनी कुरकुर केलीच. पण त्यांचे लक्ष अपुऱ्या राहिलेल्या अभ्यासाकडे होते. संसार काटकसरीने चालवून शिल्लक टाकावयाची आणि लंडनचा रस्ता धरावयाचा, एवढाच बेत. रमाबाईंनी ती काटकसर कशी निभावली ह्याची नोंद कोणत्याही विद्यापीठाच्या दप्तरी नाही. स्वतःची शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भाथेनांकडून घेतलेले 5000 रुपयांचे कर्ज एवढ्या बळावर 1920 च्या जुलैत ते पुन्हा बोटीत चढले. एका सराईतून पारशी जमावाने त्यांना बाहेर काढले, आणि लंडनला जाण्यासाठी पारशी मित्रानेच पैसे दिले. एखाद्या जमातीविषयी घाईने मत बनवू नये, हे आम्ही वर्गात नेहमी सांगतो. त्याला ह्याहून चांगले उदाहरण सापडत नाही.

आता लंडनमधील दिनक्रम पाहू. प्रिमरोज हिलजवळ किंग हेन्रीज् रोडवरील 10 क्रमांकाच्या घरात ते राहिले. घरमालकीण मोठी करडी बाई होती. सकाळच्या न्याहरीला माशाचा एक तुकडा, मुरंबा लावलेली पावाची एक चकती आणि एक पेला चहा. एवढे पोटात घालून, भाडे वाचविण्यासाठी बहुधा पायीच, ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाकडे निघत. दारे उघडण्याच्या वेळी ते हजर असत. विशाल घुमटाखालचे ते गोल वाचनगृह 1857 मध्ये उघडले होते; कार्ल मार्क्सने आपली टिपणे तेथेच काढली होती. दुपारी जेवावयास बाहेर जावे तर वेळही जातो आणि पैसाही. म्हणून एकदा त्यांनी खिशातून आणलेले पावाचे सँडविच तेथेच बसून चोरून खाण्यास आरंभ केला. पहारेकऱ्याने ते पाहिले व कडक शब्दांत समज दिली. त्या दिवसापासून दुपारचे खाणेच बंद झाले! संध्याकाळी दारे लागण्याच्या वेळी सर्वांत शेवटी बाहेर पडणाऱ्यांत ते असत. चेहरा थकलेला आणि खिसे टिपणांनी फुगलेले.

रात्रीचे जेवण म्हणजे मांसाच्या अर्काचे एक पेलाभर कढण आणि काही बिस्किटे. दहाच्या सुमारास पोटात पुन्हा आग पडे. ओळखीच्या एका गृहस्थाने त्यांना पापडांचा गठ्ठा दिला होता. पत्र्यावर चार पापड भाजावयाचे, पेलाभर दूध प्यावयाचे आणि पुन्हा पुस्तक उघडावयाचे. असनोडकर नावाचे एक गृहस्थ त्यांच्या खोलीत राहत. (हे आडनाव वाचून आमच्या गोमंतकीय वाचकांना बार्देशातील अस्नोडे गाव आठवल्यावाचून राहणार नाही.) मध्यरात्री असनोडकरांना जाग येई तेव्हा भीमराव वाचीत बसलेलेच दिसत. झोपा आता, असे त्यांनी विनविले की आपल्याजवळ खाण्यास पैसा नाही आणि झोपण्यास वेळ नाही, अशा अर्थाचे उत्तर मिळे. हे बोलणे शौर्याचे म्हणून सांगितले जाते. आम्हांला त्यात साधा हिशेब दिसतो. कर्जाचे पैसे संपण्याच्या आत अभ्यास संपला पाहिजे, नाहीतर बडोद्याच्या बागेतील ती संध्याकाळ पुन्हा समोर उभी! शरीराने ह्या हिशेबाचे देणे पुढे व्याजासह वसूल केले, हेही सांगितले पाहिजे. उत्तर आयुष्यात त्यांची प्रकृती कधी फारशी धड राहिली नाही. तेव्हा मुलांनी त्यांचा अभ्यास घ्यावा, उपवास घेऊ नये.

1921 मध्ये एम. एस्सी. झाली, 1922 मध्ये बॅरिस्टरी. त्याच वर्षी ऑक्टोबरात डी. एस्सी. साठी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी विद्यापीठाला सादर केला. 1893 मध्ये सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या, तेव्हापासून रुपयाचे मोल सरकारच्या हाती गेले. ह्या व्यवस्थेची तरफदारी प्रख्यात अर्थशास्त्रज्ञ केन्स करीत होते. नाणी वाढविण्याची मुभा राज्यकर्त्यांना राहिली की महागाईचा भार गरिबाच्या माथी येतो, असे भीमरावांनी आकडे देऊन दाखविले. परीक्षकांना ती भाषा झोंबली आणि त्यांनी प्रबंध पुन्हा लिहून आणण्यास सांगितले. मधल्या काळात जर्मनीत जाऊन शिकण्याचाही त्यांचा प्रयत्न चालू होता. पण गाठीचे पैसे संपले होते. 1923 च्या एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले. तेथूनच त्यांनी प्रबंधाची भाषा जरा सौम्य केली, निष्कर्ष मात्र होते तसेच ठेवले व प्रबंध परत धाडला. वर्ष संपण्यापूर्वी तो मान्य झाला. प्राध्यापक कॅनन ह्यांना त्यातील पुष्कळ मते पटत नव्हती, तरीही छापील ग्रंथाला प्रस्तावना त्यांनीच लिहिली.

इकडे वकिलीची सनद काढण्यास लागणारे पैसे ह्या बॅरिस्टरापाशी नव्हते. तेही नवल भाथेनांनीच दिले.

कोलंबियाच्या डॉक्टरेटचे काम अद्याप राहिलेच होते. प्रबंधाच्या छापील प्रती सादर केल्यावाचून ती पदवी मिळत नसे. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील तो ग्रंथ 1925 मध्ये लंडनला छापून निघाला, त्याला सेलिग्मन ह्यांची प्रस्तावना लाभली आणि 1927 मध्ये पदवी पदरात पडली. न्यूयॉर्कला पाऊल ठेवल्याला तेव्हा चौदा वर्षे होत आली होती. त्या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत सयाजीराव महाराज गायकवाड ह्यांचे नाव आहे आणि आपल्या शिक्षणास त्यांनी केलेल्या साहाय्याबद्दलची कृतज्ञता आहे. बडोद्यातील त्या अकरा दिवसांचा तेथे उल्लेख नाही.