विश्लेषण : तपासणीच्या अहवालातले ‘ग्रॅम’ कोण?

लघवीच्या किंवा थुंकीच्या कल्चर अहवालात ‘ग्रॅम पॉझिटिव्ह’ किंवा ‘ग्रॅम निगेटिव्ह’ असा शेरा असतो. या ‘ग्रॅम’चा वजनाशी संबंध नाही. ते एका डॅनिश डॉक्टरचे आडनाव आहे आणि जिवाणूंचे दोन मोठे गट आजही त्याच नावाने ओळखले जातात.

हान्स ख्रिश्चन ग्रॅम कोण होते?

ग्रॅम यांचा जन्म १३ सप्टेंबर १८५३ रोजी कोपनहेगनमध्ये झाला. आधी वनस्पतींच्या अभ्यासात रमलेले ग्रॅम पुढे वैद्यकशास्त्राकडे वळले आणि १८७८ मध्ये डॉक्टर झाले. काही वर्षांनी ते बर्लिनला कार्ल फ्रिडलँडर यांच्याकडे काम करू लागले.

शोध कसा लागला?

न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांत जिवाणू शोधायचे होते. पण रंग टाकला की फुप्फुसाच्या पेशीही रंगत आणि जिवाणू ओळखू येत नसत. १८८४ मध्ये ग्रॅम यांनी तोडगा काढला. आधी जांभळा रंग, त्यावर आयोडीनचे द्रावण आणि शेवटी अल्कोहोलची धुलाई. पेशींचा रंग निघून जाई, जिवाणू जांभळेच राहत.

मात्र टायफॉइडसारख्या काही जिवाणूंचा रंगही धुऊन जाई. ग्रॅम यांना ही आपल्या पद्धतीतली उणीव वाटली. पद्धत सदोष असल्याचे त्यांनी लेखातच नमूद केले.

उणिवेचे वर्गीकरण कसे झाले?

रंग टिकणे किंवा जाणे हा फरक जिवाणूच्या भिंतीमुळे पडतो, हे पुढे कळले. जाड भिंत रंग धरून ठेवते, ते ‘पॉझिटिव्ह’. पातळ भिंत आणि तिच्यावर आणखी एक आवरण असेल तर रंग सुटतो, ते ‘निगेटिव्ह’. हेच बाहेरचे आवरण अनेक अँटिबायोटिक्सनाही अडवते. कल्चरला दिवस लागतात, ही चाचणी काही मिनिटांत होते. म्हणून गंभीर रुग्णाचे पहिले औषध ठरवताना ती मोलाची ठरते.

मर्यादा कोणत्या?

क्षयाचे जिवाणू या पद्धतीने नीट रंगत नाहीत. मायकोप्लाझ्माला तर भिंतच नसते. जिवाणूंचे खरे नाते आता जनुकांवरून ठरते. त्यानुसार सगळे ‘निगेटिव्ह’ एका कुळातले नाहीत.

पुढे काय झाले?

ग्रॅम १८९१ मध्ये कोपनहेगनला औषधशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९२३ मध्ये निवृत्त झाले. १४ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा पेनिसिलिन उपचारात रुळायचे होते. आपण नोंदवलेली उणीव पुढे औषध निवडायला कामी येईल, हे पाहायला ते राहिले नाहीत.